बाळसेदार अक्षरे

माणसाच्या अक्षरावरून त्याचा स्वभाव ओळखता येतो असे सांगणारे गृहस्थ आम्हांला अनेक भेटले. परंतु गावातील पाट्यांच्या अक्षरांवरून गावाचा स्वभाव सांगणारा ज्योतिषी अद्याप भेटावयाचा आहे. तो भेटलाच, तर आमच्या शहरात त्याला एका गोष्टीचा उलगडा आधी करावा लागेल. गेल्या काही वर्षांत येथील अक्षरांना एकाएकी बाळसे चढले आहे. आइस्क्रीमच्या दुकानावर, पाळणाघराच्या फाटकावर, वडापावच्या गाडीवर, गणेशोत्सवाच्या कमानीवर, जेथे पाहावे तेथे अक्षरे गुबगुबीत, गालफुगी आणि एकमेकांना खेटून बसलेली दिसतात. व चे पोट सुटले आहे, ळ चे दोन्ही गाल फुगले आहेत, आणि ठ तर एखाद्या सुखवस्तू गृहस्थाने जेवणानंतर पाटावरच बैठक मारावी तसा बसला आहे. 'अक्षरांना पूर्वी कणा असे, आता पोट आले,' असे संस्कृत शिकवणारे आमचे एक सहकारी म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यात कौतुकापेक्षा तक्रारच अधिक असते. आमच्या मनात मात्र या अक्षरांविषयी प्रथमदर्शनीच लोभ उत्पन्न झाला. ज्याच्याविषयी लोभ, त्याच्याविषयी काळजीही आलीच. म्हणून हा सारा प्रपंच.

या कुळातील सर्वांत गुटगुटीत मूल म्हणजे 'मोदक' नावाचा टाइप. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या मंडळीने तो घडवला. सारंग कुलकर्णी हे त्या मंडळीतील एक ठळक नाव. टाइप म्हणण्याची आमची जुनी सवय आहे. आमचे विद्यार्थी त्याला फाँट म्हणतात, आणि त्यांना दोष देता येत नाही, कारण या टाइपात शिशाचा खिळा कोठेच नाही. आहेत त्या संगणकाने लक्षात ठेवलेल्या वळणांच्या नुसत्या आज्ञा. ज्याला हवा त्याने हा टाइप घ्यावा, दमडी न मोजता वापरावा, मनास आल्यास त्यात फेरफार करून पुढे वाटावा, अशी मोकळीक तो करणारांनीच देऊन ठेवली आहे. सार्वजनिक गणपतीच्या प्रसादाला जो न्याय, तोच येथेही.

नाव मोठे समर्पक ठेवले आहे, आणि ते केवळ लठ्ठपणामुळे समर्पक आहे असे नव्हे. अक्षर म्हणजे शाई, असे आपण सामान्य वाचक समजतो. अक्षर घडवणाऱ्याला ठाऊक असते की अक्षर म्हणजे शाईने कोंडलेला कागद. व च्या पोटातील पांढरी जागा, भ च्या गाठीतील फट, दोन अक्षरांमधील श्वासापुरते अंतर, या पांढऱ्या जागा नीट सांभाळल्या की काळे आपोआप सांभाळले जाते. 'मोदका'त शाई इतकी फुगवली आहे की ही पांढरी जागा आक्रसत आक्रसत बारीक रेघेवर आली आहे. आमच्या घरी गणेशचतुर्थीच्या सकाळी स्वयंपाकघरात जे चालते ते पाहिलेल्या कोणासही यात नवल वाटणार नाही. उकडीच्या पारीला बोटांच्या चिमटीने कळ्या पाडतात. कळ्या जितक्या नाजूक आणि जवळजवळ, तितका मोदक देखणा. सारण मात्र आत गच्च भरलेले हवे. या टाइपातील पांढऱ्या रेघा म्हणजे त्या कळ्याच होत. त्या जर कोठे जाड पडल्या तर मोदकाचा लाडू व्हायचा, आणि कोठे मिटल्या तर वाचणाऱ्याला अक्षराच्या जागी शाईचा गोळा दिसायचा.

इंग्रजी अक्षरांना असे लठ्ठ करणे फारसे अवघड नाही. सव्वीस मोठी, सव्वीस छोटी, सगळी एका ओळीत गुमान उभी राहणारी. शिकागोच्या ऑस्वल्ड कूपरने 1922 साली जो 'कूपर ब्लॅक' नावाचा जाडजूड टाइप बाजारात आणला, त्याच्या गोल कडांची मोहिनी शंभर वर्षे उलटली तरी ओसरलेली नाही. देवनागरीचे तसे नाही. येथे अक्षराच्या डोक्यावर मात्रा, मात्रेवर अनुस्वार, कधी रफार, पायाशी उकार, उजवीकडे काना, डावीकडून येऊन डोक्यावरून वळणारी वेलांटी, आणि त्यातच एकाच्या कडेवर दुसरे बसलेले जोडाक्षर. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत घरची सहा माणसे आधीच असावीत आणि गावाहून पाहुणे यावेत, तशी ही अवस्था. अशा घरातील प्रत्येकाला लठ्ठ करायचे, आणि तरी कोणाचे नाक कोणाच्या कोपराखाली दबू द्यायचे नाही, हे काम किती जिकिरीचे असेल याची कल्पना करावयाची तर 'महाराष्ट्र' हा एकच शब्द घ्यावा. अर्धा ष, त्याला टेकलेला ट आणि ट च्या तळाशी घुसलेला र. ज्या शब्दाचा आपणांस एवढा अभिमान, त्याच्याच पोटात अक्षर घडवणाऱ्याची सत्त्वपरीक्षा ठेवलेली आहे.

या कामात अक्षरकारांना एक मदत मात्र अनपेक्षित ठिकाणाहून मिळालेली दिसते. आमच्या आजोबांच्या कपाटातील पुस्तके उघडली की प्रत्येक ओळीवर टिंबांचा पाऊस पडलेला असे. बोलताना न उच्चारला जाणारा अनुस्वार लिहिताना मात्र इमानाने दिला जाई. 1962 साली साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि ती टिंबे बहुतेक पुसली गेली. त्या वेळी विद्वानांत पुष्कळ वाद झाले म्हणतात. टिंबे जाण्याची कारणे व्याकरणाची होती. पण त्यामुळे अक्षरांच्या माथ्यावर जी जागा मोकळी झाली ती या बाळसेदार मंडळींच्या चांगलीच पथ्यावर पडली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हाताने काढल्यासारखे दिसणारे अक्षर यंत्राकडून उमटवून घ्यावे, ही हौस आपणांस का वाटते? समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. अक्षर वाटोळे असावे, मोकळे असावे, ओळी सरळ असाव्यात, इतके सांगून ते थांबत नाहीत. ग्रंथातील पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पाहत गेले असता सारे एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. म्हणजे एकसारखेपणा ही काही छापखान्याने लादलेली शिस्त नव्हे. छापखाना या देशी रुजण्यापूर्वी मठात बसून पोथ्या नकलून काढणाऱ्या माणसाचे ते स्वप्न होते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली मराठी पंचांग छापले ते शिळेवर. त्यातली अक्षरे हाताने लिहिलेलीच होती. पुढे अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लहानपणी राबलेल्या जावजी दादाजींनी 1869 साली निर्णयसागर छापखाना काढला, राणूजी रावजी आरू यांच्यासारखा अक्षरे कोरणारा कारागीर त्यांना लाभला, आणि निर्णयसागरी अक्षरांतील संस्कृत ग्रंथ काशीपर्यंतचे पंडित डोळ्यांना लावून वाचू लागले. समर्थांचे स्वप्न शिशात उतरले. एक टाक, एक वळण, हजार प्रती.

स्वप्न खरे झाले की माणसाला त्याचा कंटाळा येतो, हा अनुभव काही एकट्या लेखनकलेचा नाही. परंतु मराठी अक्षरांच्या बाबतीत या कंटाळ्याला एक वेगळे कारणही होते. आमच्या छापील अक्षराला हसताच येत नसे. पंचांग, पोथी, सरकारी राजपत्र, सातबाराचा उतारा, शालेय क्रमिक पुस्तक आणि श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा विनोद, सारे एकाच वळणाच्या खिळ्यांतून निघायचे. वाचक हसे तो अर्थामुळे. अक्षर आपले चष्मा लावून गंभीरच. लिपीला जर देवघर आणि मामलेदार कचेरी यांच्यापलीकडे तिसरी जागा मिळाली नाही, तर मुलांना ती आजोबांची लिपी वाटू लागते, आणि आजोबांची वस्तू मुले आदराने माळ्यावर ठेवून देतात. आमच्या बहिणीचा नातू इंग्रजी शाळेत जातो. मराठीचा तास म्हटला की त्याचे पोट दुखते. त्या मुलाने एकदा मिठाईच्या खोक्यावरची ही लठ्ठ अक्षरे पाहून पेन्सिलीने गिरवली आणि प्रत्येक अक्षराला डोळे काढले. ढ ला त्याने शेपूटही दिले. आम्ही त्या दिवशी बालशिक्षणावरील कोणताही ग्रंथ उघडला नाही. ढ हे अक्षर कोणत्याही मुलाला इतके आवडलेले आम्ही पूर्वी पाहिले नव्हते, आणि पुढच्या आठवड्यात तो बाराखडीतील इतर प्राणी शोधीत बसला, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

अर्थात मराठी अक्षर पूर्वी कधीच हसले, रडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ते हसत असे, पण छापखान्यात नव्हे. वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिरातींत. 2020 साली निवर्तलेले कै. कमल शेडगे यांनी कित्येक वर्षे नाटकांची नावे अशी काढली की नाव वाचतानाच नाटकाचा रंग कळावा. ऐतिहासिक नाटकाचे नाव पागोटे बांधून येई, फार्साचे नाव पाय घसरून पडे. आम्ही शाळकरी वयात रविवारची जाहिरातींची पाने बातम्यांच्या आधी पाहत असू. नाटके पाहावयास पैसे नव्हते. अक्षरे पाहावयास पैसे पडत नव्हते. आज मागे वळून पाहता एक गोष्ट स्पष्ट दिसते. शेडग्यांनी काढलेले एखाद्या नाटकाचे नाव म्हणजे टाइप नव्हे. त्या नावातला र त्या नावापुरताच जन्मलेला. शेजारी कोण आहे हे पाहून तो वाकलेला, पुढे वेलांटी येते आहे हे जाणून त्याने मान आवरती घेतलेली. तो उचलून दुसऱ्या नावात बसवला तर सासरी नवीन आलेल्या मुलीसारखा अवघडून जाईल. टाइपातील अक्षराला हे चालायचे नाही. त्याला कोणत्याही घरी, कोणाच्याही शेजारी, केव्हाही जाऊन बसता आले पाहिजे. प्रत्येकाशी जुळवून घेणारा आणि तरी खेळकर असा स्वभाव माणसांत विरळा. अक्षरांत तो घडवून आणावा लागतो.

आणि येथेच हस्तरेखाटनाचे सोंग घेणाऱ्या टाइपाची खरी अडचण उघडी पडते. हाताने काढलेल्या अक्षराचा गोडवा त्याच्या किंचित वेडेपणात असतो. टाइपात तो वेडेपणा गोठतो आणि दर वेळी तसाच्या तसा पुढे येतो. एखाद्या गृहस्थाने एक कोटी करावी, आपण हसावे, आणि त्याने दोन शब्दांनंतर तीच कोटी त्याच हातवाऱ्यांसह पुन्हा करावी, तसे होते. मराठीत हे फार लवकर पकडले जाते, कारण आमच्या जिव्हाळ्याची नातीच जोडाक्षरी नसली तरी जोडीची आहेत. बाबा, काका, मामा, दादा, नाना. 'काका' लिहिले की दोन क शेजारी शेजारी उभे राहिले. पहिल्याच्या पोटावर जो खळगा, तोच दुसऱ्याच्याही पोटावर. हात असा कधी लिहीत नाही. दुसरा क लिहिताना त्याला पहिला लिहिल्याची आठवण असते. हल्ली एका अक्षराची दोन-तीन रूपे टाइपात ठेवून शेजार पाहून त्यांतील एक निवडण्याची सोय संगणकाकडून करवून घेता येते. ही सोय चतुर आहे. मात्र ती आठवण नव्हे, आठवणीची बेगमी आहे.

नात्यांचा विषय निघालाच आहे, तर 'मोदका'च्या एका भावंडाची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. याच 'एक टाइप' मंडळीचा 'बालू' नावाचा दुसरा एक गोलमटोल टाइप आहे. अस्वलाचे नाव धारण करणारा आणि अस्वलासारखाच प्रेमळ. तो एका लिपीपुरता नाही. नऊ भारतीय लिप्यांत त्याची रूपे निघाली आणि उर्दूसाठी आणखी एक. या सर्वांना वेगवेगळी नावे द्यायची कशी? त्यांनी युक्ती केली ती अशी, की प्रत्येक लिपीत अस्वलाला त्या भाषेतील भावाचे नाव लावून टाकले. गुजरातीत तो बालू भाई, बंगालीत बालू दा, गुरुमुखीत बालू पाजी, उडियात बालू भाइना, तमिळात बालू थंबी, तेलुगूत बालू तम्मुडू, कन्नडात बालू तम्मा, मल्याळीत बालू चेट्टन, उर्दूत बालू भाईजान. राष्ट्रीय एकात्मतेवर आम्ही आजवर जितकी व्याख्याने ऐकली, आणि दुर्दैवाने दिली, त्या सर्वांहून ही यादी आम्हांला अधिक पटली. मात्र यादी वाचता वाचता आमच्या मराठी मनाला एक ठेच लागली. देवनागरीतील मूळ अस्वल नुसते 'बालू'. ना भाऊ, ना दादा, ना अण्णा. घरातल्या माणसाला आपण नुसत्या नावाने हाक मारतो, असा त्याचा अर्थ लावून आम्ही समाधान करून घेतले आहे.

असले टाइप कोठे वापरावे? करणारांनी ते मथळ्यापुरते, पाटीपुरते, मोठ्या आकारात दिसण्यासाठी केलेले असतात. लहान आकारात 'मोदका'च्या कळ्या मिटतात आणि ओळ काळीकुट्ट होते. आमच्या वर्गातील एका विद्यार्थिनीने मागे केशवसुतांवरील आठ पानांचा निबंध आद्यंत याच अक्षरांत उमटवून आणून दिला. निबंध चांगला होता. परंतु एकवीस मोदकांचा नैवेद्य देवाला दाखवायचा असतो, तो एका बैठकीत आपणच संपवायचा नसतो, हे आम्हांला पाचव्या पानावर फार तीव्रतेने जाणवले.

विलायतेत या प्रश्नावर केवढे रणकंदन झाले ते पाहण्यासारखे आहे. 1994 साली मायक्रोसॉफ्टमध्ये व्हिन्सेंट कॉनेअर नावाचे अक्षरकार होते. संगणकाशी नवखी असलेल्या घरगुती माणसांसाठी तेथे एक कार्यक्रम तयार होत होता, आणि त्यात एक व्यंगचित्रातले कुत्रे पडद्यावर येऊन माणसांना सल्ला देत असे. ते कुत्रे बोले ते 'टाइम्स न्यू रोमन' या वर्तमानपत्री, प्रौढ अक्षरांत. कुत्र्याने अग्रलेखाच्या अक्षरांत बोलावे हे कॉनेअर यांना रुचेना. त्यांनी जवळची चित्रकथांची पुस्तके उघडली आणि फुग्यांतील हाताच्या अक्षरांवरून 'कॉमिक सॅन्स' हा टाइप काढला. त्या कुत्र्याच्या तोंडी तो वेळेवर जाऊ शकला नाही, ही गोष्ट निराळी. पण पुढे विंडोज 95 च्या जोडीने तो घरोघर पोचला. आणि मग काय विचारता! चर्चची सूचना, दवाखान्याची पाटी, वकिलाचे पत्र, सगळीकडे कुत्र्याची भाषा. अमेरिकेत इंडियानापोलिसच्या एका पतिपत्नींनी या टाइपावर बंदी घालावी म्हणून चळवळच उभारली. 4 जुलै 2012 रोजी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज कणाचा शोध लागल्याचे जगापुढे मांडण्यात आले, तेव्हा फाबिओला जानोत्ती या थोर शास्त्रज्ञ बाईंनी आपले निष्कर्ष दाखवले तेही कॉमिक सॅन्समध्ये. ज्याला आपली वर्तमानपत्रे देवकण म्हणतात त्याचे जगाला दर्शन झाले ते कुत्र्यासाठी काढलेल्या अक्षरांत. पुष्कळ लोक संतापले. आम्हांला मात्र पंढरपूरच्या वाटेवर चालणाऱ्या देशात वाढल्यामुळे त्यात विशेष विटाळ झाल्यासारखे वाटले नाही. नामदेवांनी भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा ज्यांनी लहानपणी ऐकली आहे त्यांना देव आणि कुत्रे यांच्यातील अंतर फारसे मोजावेसे वाटत नाही.

तरीही औचित्य म्हणून काही वस्तू आहेच, आणि ती आम्हांला कोठे बोचते ते सांगतो. 2022 साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त करून लहानमोठ्या सर्व दुकानांवर मराठी देवनागरी पाटी सक्तीची केली, आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत असेही त्यात घातले. पुढल्या वर्षी प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत मिळाली. कायद्याने अक्षराची उंची मोजली. त्याचे वजन मोजण्याचे माप कायद्यापाशी नसते. आमच्या नव्या वस्तीत आता मराठी पुष्कळ दिसते. मिसळीच्या दुकानावर ते गालात हसते, चहाच्या टपरीवर डोळा मारते. हॉटेलच्या भिंतीवर 'काय राव', 'लई भारी' असे लठ्ठ लठ्ठ बोलते. पण त्याच रांगेत पुढे बँक आहे, विम्याची कचेरी आहे, हाडांच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. तेथे कायद्यापुरते नाव मराठीत, आणि वाचण्यासारखे जे जे काही, व्याजाचे दर, अटी, वेळा, औषधाच्या सूचना, ते सारे इंग्रजीत, सडपातळ आणि इस्त्री केलेल्या अक्षरांत. भाषेला खेळकर मुखवटा मिळाला याचा आम्हांला आनंद झाला होता. तिच्याजवळ दुसरा चेहरा ठेवायचाच नाही, असा जर बेत असेल तर तो आनंद आम्ही परत घेतो. घरातल्या एकाच माणसाने सदा सर्वांना हसवावे आणि व्यवहाराच्या गोष्टी निघाल्या की त्याला चहा आणावयास पाठवावे, असे कोणत्या सुखी घरात चालते?

दोन वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयातील एक वृद्ध सेवक वारले. तीस वर्षे त्यांनी पुस्तके काढून दिली होती. शोकसभेची सूचना फलकावर लागली ती अस्सल बाळसेदार अक्षरांत. 'शोकसभा' या शब्दातील श आणि भ दोघेही असे गुटगुटीत, जणू बारशाला आलेले. संस्कृतच्या सहकाऱ्यांनी ती पाहिली आणि न बोलता आमच्याकडे पाहिले. कार्यालयात जाऊन आम्ही चौकशी केली. सूचना करणारा कारकून बावीस-तेवीस वर्षांचा, नुकताच नोकरीस लागलेला. आम्ही म्हटले, 'अरे, हे अक्षर या प्रसंगाला कसे निवडलेस?' तो उठून उभा राहिला. म्हणाला, 'सर, काका नेहमी हसतमुख असायचे. बाकीच्या अक्षरांत त्यांचं नाव फार कोर्टाच्या नोटिशीसारखं दिसत होतं.'

उत्तर वाईट नव्हते. आम्ही खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो आणि त्याला एवढेच सांगितले की हसतमुख ते होते, सभा हसतमुख नाही. त्यांची पत्नी उद्या येथे येईल आणि पहिल्याने हाच कागद वाचील. त्याने तत्काळ अक्षर बदलले. संगणकात सरळ, शांत असा जो टाइप त्याला सापडला तो कै. र. कृ. जोशी यांनी घडवलेला. मुंबईच्या पवई येथील तंत्रविद्यालयात ज्यांनी अक्षरविद्या शिकवली आणि देवनागरीची संगणकाशी सोयरीक जुळवण्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्या जोश्यांच्या हातची ही अक्षरे लक्षावधी संगणकांवर रोज वाचली जातात, आणि वाचणाऱ्याला आपण कोणाच्या हातचे वाचतो आहोत याचा पत्ताही नसतो. त्या टाइपाचे नाव 'मंगल'. कारकुनाने यादीतले ते नाव वाचले, आमच्याकडे पाहिले, आणि 'चालेल ना, सर?' असे विचारले. आम्ही चालेल म्हटले.

दुसऱ्या मजल्यावरच्या फलकावरील पहिली प्रत काढण्याचे मात्र राहून गेले. सभेच्या दिवशी ती तेथेच होती आणि तिच्याखाली मुलांनी आपापल्या पेनांनी काहीबाही लिहिले होते. कोणाला परीक्षेच्या आदल्या दिवशी पुस्तक मिळाले होते, कोणाचा दंड माफ झाला होता, एकाने नुसते 'काका' लिहिले होते. एकूण सत्तावीस अक्षरवळणे आम्ही मोजली. त्यांतील एकही वळण समर्थांच्या कसोटीस उतरले नसते.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बालवाडी आहे. गेल्या मे महिन्यात तिची भिंत रंगवण्याचे काम निघाले. पाटी रंगवणारे पेंटर आमच्या ओळखीचे. एके काळी या भागातील निम्म्या दुकानांची नावे त्यांच्या कुंचल्याची होती, आणि छापील फ्लेक्स आल्यापासून वर्षातून चार-पाच भिंती मिळाल्या तर मिळाल्या. आम्ही फिरावयास निघालो होतो तेव्हा ते शिडीवर उभे होते. एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर बाळसेदार अक्षरांचा नमुना. बाईंनी अगदी तस्सेच हवे म्हणून सांगितले होते. आयुष्यभर स्वतःचे वळण काढलेल्या माणसाला यंत्रातील हाताचे सोंग भिंतीवर पुन्हा हाताने उतरवावे लागत होते. आम्ही काळजीने विचारले, 'जमतंय का हो, पेंटर?' ते म्हणाले, 'न जमायला काय झालं, सर? पोटं काढायची नुसती. पण ह्या मोबाइलला भिंतीवरचा पाइप ठाऊक नाही.'

शब्द होता 'दादाजी आजोबा कट्टा'. बालवाडीच्या बाहेर नातवंडांची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी बाईंनी केलेली ही सोय. पहिला द लठ्ठ, नमुन्याबरहुकूम उतरला होता. दुसऱ्या द च्या जागी नेमका पावसाळी पाण्याचा पाइप आडवा येत होता. पेंटरांनी क्षणभर मान तिरकी करून पाहिले, आणि दुसऱ्या द चे पोट जरासे आत ओढून घेतले, शेपटी मात्र पाइपाच्या वरून पलीकडे सोडून दिली. मग ते शिडीवरून खाली उतरले, चार पावले मागे गेले, आणि मोबाइल खिशात टाकून ज ला हात घालण्यासाठी पुन्हा वर चढले.